चिंधी, पाणी आणि आडोसा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला शब्द गोळा करायची खोड असते. मराठवाड्यातल्या बायका महिन्याच्या त्या चार दिवसांना काय काय म्हणतात, याची एक यादी माझ्या वहीत आहे. कावळा शिवला. बाहेर बसली. दूर झाली. अडचण आली. पहिलीच वेळ असेल तर न्हाण आलं, पदर आला. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत म्हणतात, 'बेनमाजी है'. यादी बरीच लांब आहे, पण तिच्यात 'रक्त' हा शब्द एकदाही येत नाही. कावळ्याचा तर या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसताना त्याच्यावर उगाच आळ आलेला आहे.

ही यादी मला घरातल्या आणि शेजारपाजारच्या वयस्क बायकांनी दिली. पुरुषाने या विषयावर बोलावे का, असे काही जण विचारतील. माझे म्हणणे इतकेच, की हातपंप कुठे बसवायचा, घरात न्हाणी बांधायची की नाही, दुकानातून काय आणायचे, हे सारे आपल्या गावांत पुरुष ठरवतात. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता नेमकी याच गोष्टींवर अवलंबून असते. पाणी, आडोसा आणि स्वच्छ सुती कापड, या तीन गोष्टी बाईला मिळाल्या की नाही, एवढाच या आरोग्याचा इतिहास आहे. तो कुठे सलग लिहिलेला नाही. दुष्काळाच्या, भूकंपाच्या, ऊसतोडीच्या हकिकतींत तो विखुरलेला आहे.

आधी विटाळाचे पाहू, कारण लपवाछपवी तिथून सुरू होते. तेराव्या शतकात गोदाकाठी फिरणाऱ्या चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना यावर स्वच्छ सांगितले होते. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त ते आले आहे. त्याचा आशय असा, की शरीराला नऊ दारे आहेत. नाक, डोळे, कान यांतून जसा मळ बाहेर येतो तसेच हे एक वाहणे आहे, वाहते आणि थांबते, त्याचा विटाळ धरण्याचे कारण नाही. पुढच्या शतकात चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात विटाळ मानणाऱ्यांनाच प्रश्न विचारला. ज्या विटाळातून प्रत्येक देह घडतो, तो कोणाला टाळता येईल, असे त्यांचे म्हणणे. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्ही सोसलेल्या बाईने ते मांडले, याला फार किंमत आहे. सातशे वर्षांपूर्वी मराठीत हे बोलून झाले होते. ऐकले कोणी, हा भाग वेगळा.

इस्लाममध्ये या दिवसांत नमाज माफ असते, आणि सुटलेले रोजे नंतर पुरे करायचे असतात. स्वयंपाकाला, एका दस्तरखानावर जेवायला मनाई नाही. त्यामुळे आमच्या घरांतली बाई बाहेर बसली नाही, चुलीपाशीच राहिली. हे चांगले, असे कोणाला वाटेल. पण रमजानात त्याच बाईला पाणी प्यायचे तर दाराआड जाऊन प्यावे लागे, कारण सासऱ्याला, दिराला कळता कामा नये. आमची फुफी म्हणायची, 'तुमच्यातल्या बायकांना चार दिवस तरी सुट्टी मिळते.' हे ती शेजारच्या कुलकर्णीणबाईंना म्हणायची आणि दोघी हसायच्या. हसण्यापलीकडचा भाग असा, की एक बाई बाहेर बसत होती, दुसरी आत लपत होती, पण ओले फडके दोघींच्या घरी अंधारातच वाळत होते.

त्या फडक्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. जुन्या काळी सुती लुगड्याला एक आयुष्यक्रम होता. नेसून विरले की त्याची वाकळ शिवायची. धडके तुकडे बाळाच्या दुपट्याला जायचे. अगदी मऊ झालेले, धुऊन धुऊन रंग उडालेले फडके या कामाला यायचे. सुताला पाणी शोषून घ्यायची ताकद असते आणि जुने सूत अंगाला टोचत नाही, हे बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. मराठवाडा कापसाचा मुलूख. नांदेडला उस्मानशाही गिरणी होती. कापड महाग असेल, पण ते सुती होते. पुढे नायलॉनच्या, टेरिलीनच्या साड्या खेड्यापाड्यांत आल्या. लवकर वाळतात, फाटत नाहीत, इस्त्री लागत नाही, म्हणून बायकांना आवडल्या, आणि त्यात काही गैर नव्हते. पण अशा साडीची चिंधी ओल शोषत नाही आणि मांड्यांना घासते. साडी बदलली तसे बाईच्या हातातले हे जुने साधनही गेले. याची नोंद कापड-उद्योगाच्या कुठल्या इतिहासात मला वाचायला मिळाली नाही.

वाळवण्याचा प्रश्न तर त्याहून मोठा. अंगणातल्या दोरीवर घरातल्या सगळ्यांचे कपडे उन्हात, आणि हे फडके कुठे, तर दुसऱ्या ओल्या कपड्याखाली, गोठ्यात कडब्याच्या मागे, वळचणीला, भिंतीच्या कोनाड्यात. तिथे विंचू निघायचे. विंचवाच्या कथा आमच्याकडे प्रत्येक म्हातारीपाशी एक तरी असते. ऊन हे गरिबाचे फुकटचे जंतुनाशक आहे, आणि मराठवाड्यात त्याची कमतरता कधीच नव्हती. ओलसर राहिलेले कापड पुन्हा वापरले की कातडी सोलवटते, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो. मग 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार सुरू होते आणि तीही वर्षानुवर्षे कोणाला सांगितली जात नाही.

आता पाण्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात आमची अम्मा खडी फोडायला जात होती. सुकडी, मिलो, तांबड्या मातीचे रस्ते, या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक आठवणीत येतात. अम्माच्या आठवणीत आणखी एक गोष्ट होती. कामाच्या जागी दूरवर झाड नव्हते. पाणी टँकरचे, प्यायला मोजून. एखादीला अडचण आली की चार बायका तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहायच्या, पदर पसरून. तोच आडोसा. फडके धुवायला पाणी नसल्याने ते गुंडाळून कमरेला खोचायचे आणि रात्री घरी आल्यावर धुवायचे. फडकी कमी पडली की चिंधीत राख भरून घेणाऱ्या बायका होत्या. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७९ पासून अमलात आला आणि देशाने पुढे त्याचा कित्ता गिरवला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद झाली. संडास-मोरीचा उल्लेख त्या यादीत नव्हता. रोजगार हमीवर निम्म्याच्या आसपास बायका असतात, हे सगळ्यांना ठाऊक असून नव्हता.

बायकांना आतून काय काय होते आहे, हे मोजून पाहण्याचे काम पहिल्यांदा आपल्याच राज्यात झाले, पण मराठवाड्यापासून लांब, गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या, कामाला जाणाऱ्या सर्वसाधारण स्त्रियांची. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. सरासरी एकेकीला तीनहून अधिक. आणि आधी कधी अशी तपासणी झाली होती अशा स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढीच सरकारची कल्पना होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतरही बाईला शरीर असते, हे या अभ्यासाने जगाच्या पाठीवर नोंदवले.

त्यानंतर चारच वर्षांनी आमच्या औसा तालुक्यात जमीन हलली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटे कमी. किल्लारीच्या आसपासची गावे दगड-मातीची. जाड भिंती, वर माळवद, माळवदावर मातीचा थर. हेच घर उन्हाळ्यात गार ठेवणारे, तेच अंगावर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली.

मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो आणि औशातून मदत घेऊन जाणाऱ्या पोरांमध्ये होतो. देशभरातून कपड्यांचे ट्रक आले होते. रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते, त्यांत पँटी, फ्रॉक, स्वेटर, लग्नातल्या झगमग साड्या. काही बायका तासन्‌तास त्या ढिगात उपसाउपसी करीत होत्या, हातात आलेली साडी बोटांनी चोळून पाहत आणि परत टाकून देत. एक पोरगा वैतागून म्हणाला, 'मावशी, दुकानात आल्यावाणी काय निवडायलाव?' ती काही बोलली नाही. आमच्याबरोबर आलेली एक वयस्क नर्सबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाली, 'त्या सुती शोधतायत. गप बस.' दुसऱ्या खेपेला ती औशात घरोघर फिरली आणि जुनी सुती धोतरे, लुगडी, चादरी गोळा करून, फाडून, घड्या घालून, वेगळ्या पोत्यात बांधून घेऊन गेली. पोत्यावर काही लिहिले नव्हते. ते बायकांनी बायकांत वाटले. ब्लँकेट, भांडी, स्टोव्ह, धान्य अशा मदतीच्या ज्या याद्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत या पोत्याला नाव नव्हते.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. एका पत्र्याला दुसरा लागून, मध्ये आवाज अडत नाही, नजर अडत नाही. दगडी वाड्यात बाईला निदान परस होते, मोरी होती. आता तेही नव्हते. पहाटे अंधारात जायचे आणि नंतर थेट रात्री.

सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन हाती घेतले. ५२ गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. बाकीच्या गावांत घरमालकानेच सरकारी अनुदानातून घराची दुरुस्ती करायची होती, आणि तिथे एक नवी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेला सरकारने लोकांशी संवादाचे काम दिले, आणि संस्थेने हजारावर गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमले. सिमेंट किती, पट्टा कुठे, हप्ता कधी, हे समजून घेऊन घरोघर सांगणाऱ्या या बायका. ज्यांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या इंजिनिअरशी हुज्जत घालू लागल्या. गुजरातेत २००१ साली भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या काही बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला कच्छपर्यंत गेल्या. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्या कामाविषयी मराठवाड्यात अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही, असे मला वाटते.

या संवादात हळूहळू बाईचे मत घराच्या आराखड्यात शिरू लागले. न्हाणी कुठे, तिचे पाणी कुठे जाणार, दार आतून लागेल का. पण नव्या वसाहतींत घरे रांगेत, शहरासारखी, रुंद रस्त्यांवर. संडास बांधले, नळ मात्र नाही, म्हणून कित्येकांनी त्यांत गोवऱ्या आणि सरपण भरले. परस गेले. फडके वाळवायची जुनी अंधारी जागा गेली आणि उन्हातली नवी जागा समोरच्या रस्त्यावर, सगळ्या गावासमोर. ज्या बायकांनी पुढे आपल्या पैशाने मागे पत्र्याची न्हाणी काढून घेतली, त्यांना कोणी आरोग्याचे पुरस्कार दिले नाहीत.

संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. गावे झाडली गेली, भिंती रंगल्या, 'हागणदारीमुक्त' हा शब्द सरकारी मराठीत रुजला. त्या अभियानाने खेड्याला मोठी शिस्त लावली, हे मान्यच केले पाहिजे. तरी मोजले जात होते ते संडासाचे भांडे. न्हाणीघर मोजले जात नव्हते, आणि पाळीच्या दिवसांत बाईला त्याचीच जास्त गरज असते. पहाटे शिट्टी वाजवत फिरणारी पथकेही निघाली. त्या शिट्टीला भिऊन आणखी तासभर आधी उठणाऱ्या बायका मी ऐकून आहे.

एव्हाना पॅड खेड्यात आले होते. पॅडची जन्मकथा मोठी मजेची आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेली शोषक पट्टी निघाली. परिचारिकांनी ती आपल्या कामाला वापरून पाहिली, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या एका कंपनीने १९२० मध्ये ती 'कोटेक्स' नावाने बाजारात आणली. आपल्या खेड्यांत ती यायला पाऊणशे वर्षे लागली. २०११ पासून आशाताईंमार्फत किशोरींना सहा रुपयांत सहा पॅडचे पाकीट मिळू लागले. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड, विक्री बचत गटांकडून. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला. कुंकवावर कर नाही आणि पॅडवर आहे, यावर वर्षभर देशात वाद चालला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते २४ वयाच्या मुलींत पाळीसाठी आरोग्यदायी साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले.

हा आकडा आनंदाचा आहे. पण या पाहणीच्या व्याख्येत कापड हे आरोग्यदायी साधनांत धरत नाहीत. सुती असो, साबणाने धुतलेले असो, कडक उन्हात वाळवलेले असो. म्हणजे जी बाई पॅड घेते पण दिवसभर शेतात बदलायला जागा नाही म्हणून एकच वापरते, ती आरोग्यदायी. आणि जी फडके दर चार-सहा तासांनी बदलते, उन्हात वाळवते, ती नाही. मला हे पटत नाही. पॅड हवेच, शाळेतल्या मुलीला तर हवेच, तिची शाळा त्यावर टिकते. पण परवडत नसताना पॅडशिवाय गत नाही असे बाईला सांगणे म्हणजे तिच्या हातातली एक गोष्ट काढून घेणे आहे. आणि वापरलेले पॅड टाकायचे कुठे? गावात घंटागाडी नाही. मग ते संडासात जाते आणि टाकी तुंबते, किंवा ओढ्यात, उकिरड्यात. दुकानदार अजून ते वर्तमानपत्रात नाहीतर काळ्या पिशवीत गुंडाळूनच देतो.

शिवाय पॅड असो की कापड, हात धुवायला पाणी लागतेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. पाण्याचे भांडे घरात आल्यावर त्यातले आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, मग जनावराला, मग घरातल्या पुरुषांच्या आंघोळीला, हा क्रम आपल्याला माहीत आहे. २०१४ पासून जगभर २८ मे हा दिवस मासिक पाळीच्या स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. मराठवाड्यात २८ मे म्हणजे टँकरचा महिना. त्या दिवशी सरपंचाने भाषण न करता एक टँकर जादा मागवला तरी चालेल.

सगळ्यात कठीण कहाणी ऊसतोडणीच्या बायकांची. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, ट्रॅक्टर भरभरून माणसे कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस कामावर आले नाही की खाडा, आणि खाड्याला दंड. हा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत असल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. राहायला फडाच्या कडेला कोपी, म्हणजे पाचटाचे वा ताडपत्रीचे खोपटे. पहाटे तोडणी, डोक्यावर मोळी, रात्री-अपरात्री गाडी भरणे. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी मालकाच्या विहिरीवरून. अशात पाळी म्हणजे खाड्याची भीती, आणि संसर्ग झाला की ओटीपोटात दुखणे. मग सुटीत गावाकडे आले की खासगी दवाखाना, तिथे 'पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल' हे वाक्य, आणि पिशवी काढणे.

२०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर वेळेआधी पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते. आणि हीच कंबर घेऊन पुढच्या हंगामात मोळी उचलायची असते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा निर्बंध नंतर बीडमध्ये आला. दवाखान्याला लगाम बसला ते बरेच झाले. पण बाई दवाखान्यात पोहोचते ती फडातून, आणि फडाला न्हाणी कोण देणार, हे अजून ठरायचे आहे.

कारखान्याचा गाळप परवाना दर हंगामाला नव्याने घ्यावा लागतो. त्याच्या अटींत, ज्या तळावर पन्नास कोयते उतरतात तिथे पत्र्याची चार न्हाणीघरे, कडी आतून लागणारी, आणि पाण्याची एक टाकी, एवढे लिहायला हरकत नसावी. उन्हात एक दोरी बांधायचे काम बायका स्वतः करतील.